लंकाबाईंची पुढची खोली

सातपूरच्या कॉलनीत लंकाबाईंच्या पुढच्या खोलीत तेजल मॅडमचा इंग्रजीचा क्लास भरायचा. चांगली आठ वर्षं. बाईंचा नवरा कंपनीतून रिटायर झाला आणि वर्षभरात गेला, मुलगा संतोष नोकरीपायी बंगळुरूला. घर नुसतं खायला उठायचं, म्हणून बाईंनी खोली दिली होती. हे मॅडमना कधी कळलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही.

दरवर्षी जुलैत एक धडा यायचा, मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या नामांचा. त्या दिवशी मॅडम आतल्या दाराच्या पडद्याकडं तोंड करून हाक मारायच्या, "लंकाकाकू, सामान आणता का?" बाई तयारच! साखर, तांदूळ, पाणी एकीकडं. चमचे, वाट्या, लिंबं दुसरीकडं. तांदळापाशी गाडी अडायचीच. "मॅडम, दाणे मोजता येतात की!" म्हणत एखादं कार्टं खरंच मोजायला बसायचं, बाकीचे साखरेवर तुटून पडायचे, आणि मॅडम ओरडायच्या, "अरे, राइसला मेनी नाही, मच लागतं!" बाईंना त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण दारात उभ्या राहून त्या पोट धरधरून हसायच्या.

यंदा क्लासला मुलं वाढली. मॅडमनी शहरातल्या द्वारका चौकात मोठा हॉल घेतला. जाताना पाया पडून म्हणाल्या, "काकू, तिकडं सगळं स्क्रीनवर आहे. सुटलात तुम्ही त्रासातून."

"कसला मेला त्रास!" बाई एवढंच बोलल्या. 'जाऊ नका' हे काही तोंडातून निघालं नाही. माणसानं इतकं मानी असू नये, पण बाई होत्या खऱ्या.

मग घर असं गप्प झालं, की कुकरची शिट्टी झाली तरी त्यांना बरं वाटायचं. दुपारी पुढच्या खोलीत टीव्ही लावून त्या आत भाजी निवडत बसायच्या.

पंधरा दिवसांनी झुंबर एजंट एक भाडेकरू घेऊन आला. कंपनीतला शिफ्टवाला पोरगा. "काकू, असा माणूस शोधून सापडायचा नाय. पहाटे जाणार, रात्री येऊन झोपणार. घरात कोणी हाय, हेसुद्धा कळणार नाय तुम्हाला!"

पोरगा बिचारा मान खाली घालून उभा. बाईंनी त्याला चहा-बिस्किटं दिली आणि झुंबरला दाराबाहेर ओढलं.

"नको रे बाबा हा," त्या म्हणाल्या. "मला कळायला पाहिजे कोणी हाय ते. लय गोंगाट करणारी माणसं असली तर आण. फुकट देते खोली."