मी सरळ केलेला डोळा

मंडळी, आज दुपारी माझ्या हातून जे झालं, ते डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

इथे अमरावतीत आमच्या गल्लीत रामभाऊ मूर्तिकार राहतात. सध्या देवीच्या मूर्ती रंगवणं चालू आहे. मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून जाता-येता डोकावतो. आज देवीचा सिंह रंगवून झाला होता, पण त्याचा डावा डोळा जरा नाकाकडे वळलेला वाटला. रामभाऊ पाणी आणायला गेले होते. मी ब्रश उचलला आणि बुबुळ मधोमध आणलं.

ते परत आले आणि बघतच राहिले.

"सर, काहून हात लावला? कमलचा डोया होता तो."

कमलवहिनी म्हणजे त्यांची बायको. मागच्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांचा डावा डोळा तसाच होता. त्यांच्या हातचा चहा कितीदा प्यायलो, तरी मी ओळखलं नाही.

"म्या सिंह कुठी पाह्यला, सर? मले जे दिसते ते काढतो."

त्यांनी तीनदा पुसून पुन्हा काढून पाहिलं. मग ब्रश पाण्यात ठेवला.

"आता कमल माह्याकडे पाहून नाही राहिली."

वर्गात मी चिनी दारांवरचे, जुन्या किल्ल्यांवरचे सिंह दाखवतो. म्हणतो, कारागिराने सिंह पाहिलाच नव्हता, म्हणून चेहरा चुकला. उद्या हे कोणत्या तोंडाने सांगू?

तुमच्या गावच्या देवळातला सिंह कोणासारखा दिसतो? नीट बघून या. फक्त हात लावू नका.