समुद्र घरी असण्याची तिथी

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या शाळेची सुरतेच्या समुद्रावरची सहल आजही आसपासच्या शाळांत सांगतात, आणि माझ्या नावाने सांगतात. आता सत्तरी उलटली, तेव्हा खरं सांगतो. ती सहल आमच्या खिचडीवाल्या मावशीची होती.

मावशीची एक सवय साऱ्या गावाला ठाऊक होती. स्वतः चाखल्याशिवाय ती पोरांच्या ताटात काही वाढत नसे. घंटा झाली, रांग लागली, मुख्याध्यापक म्हणून मी घाई केली, तरी आधी तिच्या तळहातावर घास पडायचा. "चाखेल नही ते वाढस नही मी," म्हणायची. एकदा तपासणीला आलेले साहेब ताटकळले, तर त्यांना म्हणाली, "बठा, साहेब. तुमनं पोट पळी नही जास." साहेब हसून बसले.

त्या वर्षी सातवीच्या पोरांनी समुद्राचा हट्ट धरला. खासगी बसचं भाडं ऐकून पालकांनी माना हलवल्या, आणि मी विषय मिटवला. मावशी पातेलं घासता घासता म्हणाली, "सर, बस कसाले? नंदुरबारथून पॅसेंजर शे, सुरतमा सिटी बस शे. सारी दुनिया तशीच जास."

मी पंचमीची सुट्टी पाहून दिवस धरला. मावशीने मात्र आधीच्या महिन्यातल्या पंचमीला एक दिवस रजा घेतली आणि डबा बांधून एकटी सुरतेला जाऊन आली. सहलही तिला चाखून बघायची होती. दुसऱ्या दिवशी चूल पेटवायच्या आधी ती ऑफिसात उभी.

"सर, समुद्र घर नव्हता."

"म्हणजे?"

"नुस्ता गारा. पानी दिखसच नही."

गारा म्हणजे चिखल. आम्ही तापीकाठची माणसं. आमचं पाणी पावसाळ्यात चढतं आणि उन्हाळ्यात आटतं. रोज जाऊन परत येणारं पाणी आमच्या हिशेबातच नसतं. भरती-ओहोटी मी वीस वर्षं फळ्यावर काढत आलो होतो, पण सहलीचा दिवस धरताना ती मला आठवली नाही. मावशीने तिथल्या कणीसवालीला गाठून सगळं विचारून घेतलं. पाणी रोज पाऊण तास उशिरा येतं, आणि तिथी कळली की वेळ कळते. परतीची गाडी गाठायची होती, म्हणून तिला पाण्याची वाट पाहता आली नाही.

"पंचमी नको, सर. तेरसले दुपारले तो घर येस. पोरेसना पाय वल्ला व्हवाले पाहिजेत."

मग तिने वहीचा एक कागद भरून आणला. अक्षर चौथी शिकलेल्या बाईचं, वाकडंतिकडं. पण त्यात काही सुटलेलं नव्हतं. सुरतेला स्टेशनातल्या पुलाजवळ उतरायचं म्हणून कोणत्या डब्यात बसायचं, मुलींसाठी स्वच्छ संडास कुठे, डुमसच्या किनाऱ्याची बस कुठून सुटते. जेवण रेतीवर करायचं नाही, दातात कचकच होते. घोटा बुडला की पुढे पाऊल टाकायचं नाही. मी तो कागद सुवाच्य अक्षरात उतरवला आणि खाली माझी सही केली.

तेरसेच्या पहाटे मावशी एसटीच्या थांब्यावर आली. ठेवणीतली हिरवी साडी, हातात पिशवी, पिशवीत पोरांसाठी शेंगदाण्याची चटणी. मी म्हणालो, "मावशी, पाचवी-सहावीची खिचडी कोण करेल?"

तिने पोरांकडे पाहिलं. "बरं, सर," म्हणाली. चटणीचा डबा माझ्या हातात दिला आणि शाळेकडे वळली.

एक दिवस खिचडी दुसऱ्या कुणीही केली असती. पण ती आली असती, तर कुठे उतरायचं हे पोरांनी तिलाच विचारलं असतं, आणि सहल कुणाची हे वाटेतच उघड झालं असतं. एवढंच कारण होतं.

त्या दुपारी पाणी आलं. तिने सांगितलं होतं तेव्हाच आलं. पोरं ओरडत होती आणि मी मनात तिथी मोजत होतो. पुढे स्नेहसंमेलनात अध्यक्षांनी "असे अभ्यासू मुख्याध्यापक" म्हणून माझा गौरव केला. मी हात जोडले. मावशी मागे पोह्यांच्या पातेल्याजवळ उभी राहून सगळ्यांत जोराने टाळ्या वाजवत होती. माझ्या सहीचा कागद अजून शाळेच्या कपाटाच्या दाराला चिकटवलेला आहे, दरवर्षी सातवी त्यावरच जाते. तिचा मूळ कागद माझ्याकडे आहे. इतका नेटका कागद माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या टेबलावर आला नाही, हे मी आज छाती ठोकून सांगतो.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळल्याचं कळलं. मनात माफीचं वाक्य जुळवून तिच्या घरी गेलो. ती खाटेवर होती. मला पाहून उठायला लागली, मी नको म्हणालो. सुनेने चहा ठेवला.

"सर, पोरेसना पाय वल्ला व्हयनात ना?" सहलीहून आलो त्या दिवशीही तिने हेच विचारलं होतं.

"झाले, मावशी. सगळ्यांचे."

"पानी कोठेलगून उनं व्हतं? दखाडा ना."

मी खाली वाकलो आणि माझ्या घोट्याला बोट लावून दाखवलं. तिने मान उचलून नीट पाहिलं आणि हसली. "मंग तेरस बरोबर धरेल व्हती."

मी वाकलेलाच होतो. खाटेच्या कडेला तिचे पाय होते, माझ्या हातापासून वीतभर. तेवढ्यात सून चहा घेऊन आली, आणि मी सरळ होऊन कप हातात घेतला.