पाटवडी अन् तुझं खोटं नको

इकडे कान कर वं बहिणी, तुले जरा रागवाचं हाय. मागच्या खेपेस माझी सून तुले पाटवडी वाढाले आली, तर तू लाजत म्हणाली, "नको वं, पोट भरलं." तिनं ताट उचललं अन् झाकून ठेवलं. तू तोंड फुगवून हुडकेश्वरले आपल्या घरी निघून गेली, ते अजून फिरकली नाही.

अवं, तिले ऑटिझम हाय. कोणी नको म्हटलं का ती खरं मानते. नको-नको म्हणत वाटी पुढे करणं तिले समजत नाही, अन् आपण तरी खोटं काहून बोलाचं? बिचारी रोज विचारून राहिली, "आई, माझं काय चुकलं? मावशी काहून येत नाहीत?"

तुझे भाऊजीही फसले. गुलाबजामाले नको म्हणाले अन् रिकाम्या वाटीकडे पाहत बसले. आता पातेलं दिसलं का आधीच हो म्हणतात. मी तर सरळ सांगते, "मले अजून दोन वड्या दे." लगेच मिळतात. एवढ्या संसारात इतक्या सुखानं मी कधी जेवली नाही.

रविवारी ती पुन्हा पाटवडी करणार हाय. लवकर ये वं, अन् तिनं पहिल्यांदा विचारताच हो म्हणजो.