अठ्ठेचाळीस किलो

माझ्या लग्नाच्या महिनाभर आधी माझ्या दोन्ही भावांनी मला बापूंच्या किराणा दुकानात पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. दोघंही माझ्याहून लहान. मला वाटलं, चेष्टा चाललीये. काटा अठ्ठेचाळीसवर थांबला आणि मोठ्याचा चेहरा उतरला. "बस इतनी? मग पब्लिकला ताकद काय दिसणार, ताई?" बहिणीचं वजन कमी भरलं म्हणून दुःखी झालेला भाऊ मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

कारण सांगते. आमच्या बुऱ्हाणपुरात तेव्हा वरमालेच्या वेळी नवरदेवाचे मित्र त्याला वर उचलून धरू लागले होते, नवरीचा हात पोचू नये म्हणून. मग नवरीच्या भावांनी नवरीला उचलायचं. आईच्या लग्नात असलं काही नव्हतं. अंतरपाट सरला, हार पडले, संपलं. हे उचलणं व्हिडिओवाल्यांबरोबर आलं, आणि आमच्या घरात दोन पैलवान तयारच होते.

पैलवान तरी कसले! लोधीपुऱ्यात आमच्या घरासमोर कापसाच्या जुन्या गोदामात जिम निघाली होती. भिंतभर आरसे, कान फाटतील अशी गाणी, काउंटरवर परदेशी पावडरचे डबे. माझी खिडकी बरोबर त्या शटरसमोर. मी शिक्षक भरतीच्या अभ्यासाला बसायची आणि समोर हा तमाशा. झेपणार नाही इतकं वजन दांड्याला लावायचं, बाकावर आडवं व्हायचं, आणि डोक्याशी उभ्या असलेल्या मित्राने दोन्ही हातांनी तो दांडा वर ओढून द्यायचा. वर त्यानेच ओरडायचं, "तेरा है भाई, पूरा तेरा है!" अर्धं वजन मित्राने उचललेलं, आणि हा उठून आरशात दंड बघतोय. उथळ पाण्याला खळखळाट फार. माझे दोघे भाऊ एकाच वेळी तिथे असायचे, पण एकमेकांच्या डोक्याशी कधी उभे राहिले नाहीत.

त्यात भर मालिकेची. जेवणाच्या वेळेला टीव्हीवर दोन भावांच्या वैराची एक हिंदी मालिका लागायची. एकाने डोळे वटारले की तीनदा त्याचंच तोंड दाखवायचे, वर ढगांचा गडगडाट. आमचा मोठा मालिकेतल्या मोठ्याच्या बाजूने, धाकटा धाकट्याच्या. "देख, गलती छोटे की है," मोठा म्हणायचा. "हाव, सब गलती छोटेचीच ऱ्हायते," म्हणत धाकटा ताटावरून उठायचा. बापू हसायचे. आई म्हणायची, "पोरं आहेत." बावीस आणि वीस वर्षांची पोरं! मी चोवीसची होते, मला कुणी पोर म्हणत नव्हतं. त्या 'पोरं आहेत'चा मला आजही संताप येतो.

मला त्या सगळ्यात एकच गोष्ट हवी होती, ती परीक्षा. सासरच्यांनी मुहूर्त पुढे ढकलला नाही, म्हणून पेपर लग्नानंतर अकराव्या दिवशी आला. चालेल म्हटलं. अभ्यास पक्का होता. नोकरी लागली की घराबाहेर पडायला कुणाला विचारावं लागणार नव्हतं.

पण घरात चर्चा एकच, ताईला उचलणार कोण. "मी अकेला उचलतो, मोठा मी आहे." "तू? तुझं वजन तर तुझा दोस्त उचलतो!" मी म्हटलं, मला कुणीच उचलू नका. ऐकतो कोण? शेवटी बापूंनी तोडगा काढला, एकाने एक पाय धरायचा, दुसऱ्याने दुसरा. मी काय दुकानातला माल होते, वाटून घ्यायला?

लग्नाच्या दिवशी नवरदेवाला त्याच्या मित्रांनी उचललं. लगेच दोघे वाकले आणि मी वर गेले. माझ्या मागे दापोऱ्याचे मामा होते, ते "हळू रे, हळू" म्हणत राहिले. व्हिडिओवाला ओरडला, "भैया, इधर देखो!" दोघांनी तिकडे बघितलं. मोठ्याने कॅमेऱ्यासाठी आपली बाजू खांद्यापर्यंत नेली. धाकटा मागे कसा राहील? त्याने आपली बाजू त्याच्याही वर नेली. मी तिरपी झाले. "अरे, सोडा, पडते मी!" माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. मी उजव्या हातावर पडले आणि मनगट मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

मुहूर्त टळू नये म्हणून हार मी डाव्या हाताने घातला. प्लास्टर नंतर झालं. दवाखान्याच्या बाकावर दोघे भांडत होते. "मी पक्कं धरलं होतं." "छोडा तूने." दुखतंय का, हे विचारायला दोघांनाही वेळ झाला नाही.

परीक्षेसाठी मी माहेरी आले. लेखनिक हवा असेल तर अर्ज आधी द्यावा लागतो, असं केंद्रावर सांगितलं. हात मोडणार आहे हे मला आधी कसं कळणार होतं? तीन तास मी डाव्या हाताने उत्तरांचे गोल काळे करत होते. पेन घसरायचं, गोलाबाहेर जायचं. एकेका गोलाला इतका वेळ लागत होता की मला रडू फुटलं, आणि रडायलाही वेळ नव्हता. घंटा झाली. पर्यवेक्षक बाईंनी हातातून कागद ओढून घेतला.

फाटकाबाहेर दोघेही उभे होते, आपापली मोटरसायकल घेऊन. मला घरी कोण नेणार यावरून तिथेही जुंपलेली. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि रस्त्यावरच्या लोकांची पर्वा न करता ओरडले, "बत्तीस प्रश्न राहिले माझे! सगळ्यांची उत्तरं येत होती मला!"

मग मोठा धाकट्याकडे वळला.

"बघ," तो म्हणाला, "तुझ्यामुळेच पडली होती ती."