उठून गेलेल्याचं वय

ऐंशी सालानंतरच्या त्या दिवसांत डोंबिवली पश्चिमेच्या अभ्यासिकेत आम्ही नऊ जण एका लांब टेबलावर बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करायचो. आमच्यातला एक जण गणितात पक्का; खिडकीजवळची खुर्ची त्याची. सरासरीचं गणित अडलं की वही त्याच्याकडे सरकायची. मी दोन वर्गांच्या सरासऱ्या मिळवून सरळ दोनाने भागायचो, आणि तो माझ्या हातातली पेन्सिल काढून घ्यायचा.

"अरे, भागतोस काय लगेच? तीस पोरांचा वर्ग आणि दहा पोरांचा वर्ग सारखाच धरतोस? आधी माणसं मोज ना!"

पेपरातून कापलेले आमचे अर्जही तोच तपासायचा. स्वतःचा मात्र हात आडवा धरून भरायचा. मग दोन वर्षं त्याने अर्ज भरलाच नाही. विचारलं तर म्हणायचा, "या वेळी मूड नाही रे," आणि पुन्हा आमची गणितं तपासायला घ्यायचा.

एका सोमवारी त्याची खुर्ची रिकामी होती. टेबलावर त्याच्या बारीक अक्षरातला कागद होता : 'नऊ जणांचं सरासरी वय बावीस. एक जण उठून गेला, सरासरी एकवीस झाली. गेलेल्याचं वय किती?'

"तेवीस," मी सवयीने म्हणालो.

मग मी आधी माणसं मोजली. नवांचं एकूण वय एकशे अठ्ठ्याण्णव, उरलेल्या आठांचं एकशे अडुसष्ट. राहिले तीस.

अर्जावर वयाची अट अठ्ठावीसची होती. कुठेतरी माझीच चूक सापडेल म्हणून मी दोनदा ताळा करून पाहिला. तीसच येत होते.