शीतगृहातली जोडी एल्ब्रूसवर

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर धुकं आहे, आणि ते खरंखुरं आहे. मस्कतजवळच्या रुसैलच्या एका शीतगृहाचं जाड दार उघडलं, की बाहेरच्या रणरणत्या उन्हात असा पांढरा लोट येई. त्यातून दोघांचा प्रवेश होई: वसईचा विन्सेंट आणि हैदराबादचा जहूर. अंगात गोधडीसारखे कोट, भुवयांवर हिम. मस्कतमध्ये मी हौशी मंडळींची नाटकं बसवत असे, तेव्हा विन्सेंट आमची प्रकाशयोजना सांभाळायचा. इतका देखणा प्रवेश मात्र मी कुठल्याच नटाला देऊ शकलो नाही.

उणे वीस अंशांत गोठलेल्या कोंबड्या आणि मासे रचायचे, हे त्यांचं काम. एकट्यानं आत जायचं नाही. जोडीतला एक जण 'खलास' म्हणाला, की दोघांनीही बाहेर पडायचं; कारण विचारायचं नाही. शीतगृहाचा रिवाजच तो.

अशा माणसाला बर्फाचाच कंटाळा यायला हवा. विन्सेंटला वेड लागलं ते रशियातल्या एल्ब्रूसचं, वादळांसाठी बदनाम असलेल्या हिमपर्वताचं. जहूरलाही त्यानं ओढलं. दर शुक्रवारी दोघं पाठीवर तांदळाच्या गोण्या घेऊन ओमानमधला जबल शम्स डोंगर चढायचे. दोन वर्षांनी मिळणारी रजा एरवी वसईची. विन्सेंटच्या बायकोनं, हिल्डानं, ती कुरकुरत सोडली.

२००३ च्या जुलैत दोघं गेले. वादळानं त्यांना डोंगरावरच्या झोपडीत कोंडून ठेवलं. रजा संपत आली, आणि अखेर एका सकाळी आभाळ उघडलं. वाटाड्याबरोबर दोघं एका दोराला बांधून घेऊन निघाले. शिखर तासाभरावर आलं आणि जहूर थांबला.

"खलास."

वाटाड्या विन्सेंटला म्हणाला, याला उतरणाऱ्या टोळीबरोबर पाठवू, तू चल. विन्सेंट शिखराकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मग वळला. जहूरच्या पायाची बोटं बधिर झाली होती, हे विन्सेंटला खाली त्याचे बूट काढल्यावर कळलं. बोटं वाचली. हवा दिवसभर स्वच्छ राहिली; बाकीचे सगळे माथ्यावर जाऊन आले.

मस्कतच्या विमानतळावर हिल्डाबरोबर मीही गेलो होतो. नवरा धडधाकट दिसताच तिनं तोंड फुगवलं. "वसई पण गेली आणि शिखर पण?"

विन्सेंटनं सॅक खाली ठेवली.

"शिखर कुठं जातंय? पुढच्या रजेत तू पण चल. पायथ्याशी धड सूप करणारं कोणी नाही."