पाट नाही, असं मी सांगितलं

हे मी परवापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगतो — पण आधी माझी फजिती ऐका, म्हणजे मला जरा धीर येईल.

आमच्या गावच्या तलावाखाली तालुक्याच्या एका व्यापाऱ्याची धानाची जमीन होती. ती बिगरशेती करून त्याला प्लॉट पाडायचे होते. चैतातल्या एका सकाळी तलाठी जागा पाहायला आले आणि पंच म्हणून मला बोलावलं. चष्मा लावून पेपर वाचणारा गावात मीच ना! मोटरसायकलच्या सीटवर नकाशा पसरला होता. मी बोट ठेवून चांगली दहा मिनिटं सगळ्यांना समजावलं. मग दुसरा पंच दामाजी म्हणाला, "का जी भाऊ, नकाशा उलटा पाहून राहिले तुमी. तुमच्या हिशोबानं त तुमचं घर तलावात बुडून राहिलं!"

सगळे हसले. मीही हसलो. तलाठी म्हणाले, "नकाशा राहू द्या, काका. इथून कोणाचं पाणी जातं का, तेवढं सांगा."

तेवढंच.

पाट होता. माझ्यापासून चार पावलांवर — कोरडा, गवतानं झाकलेला. त्याच पाटानं तलावाचं पाणी खाली गावातल्या पार्बताबाईच्या बांदीत, म्हणजे धानाच्या बांधीव वावरात, जायचं. लहानपणी मी त्यात मासोळ्या धरल्या आहेत. माहीत नव्हतं, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

मी "नाही" म्हणालो. पंचनाम्यावर सही केली — आणि ती वाचून केली. दामाजीनं माझी सही पाहून आपली ठोकली.

का केलं? कारण मोठं असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. पाट निघाला असता तर प्लॉट अडले असते, आणि प्लॉटांचा रस्ता माझ्या दारावरून जाणार होता. पावसाळ्यात चपला हातात घेऊन चिखलातून घरी यायचा मला कंटाळा आला होता. बस.

रस्ता झाला. छान झाला, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी आम्ही नवरा-बायको त्यावर फिरायला जातो. सुखात आहे मी.

पाट मुरमाखाली गेला. त्या साली पार्बताबाईचं धान ऐन निसवताना पाण्यावाचून वाळलं. ती कोणाकडे आली असेल? माझ्याकडेच — पाट मोकळा करून द्या, असा तहसिलीत द्यायचा अर्ज लिहून मागायला. मी लिहिला. अक्षर सुरेख, मायना बरोबर. पंचनाम्याचा तेवढा उल्लेख नाही. उत्तर आलं, पंचनाम्यानुसार तिथं पाट नाही. तेही मीच तिला वाचून दाखवलं. खाली पंचांची नावं होती — ती वाचली नाहीत. तिला वाचता येत नाही, हे मला ठाऊक होतं.

"तुमी तरी का करान, भाऊ," म्हणाली आणि गेली.

आता त्या बांदीत ती तूर लावते. दर वर्षी ओल्या शेंगा आणून देते. मी खातो. गोड लागतात.

परवा उकडलेल्या शेंगा खाता खाता बायकोला सगळं सांगून टाकलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्यापुढची थाळी उचलली आणि म्हणाली, "माह्याजवळ काहून सांगता? पार्बताबाई घरीच आहे. दोन घरं सोडून."